नव्याने बांधलेलं इंजिन टर्बोसाठी तयार करणं आणि गाडीत बसवणं: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

ओव्हरहॉल झालेलं इंजिन नवं असतं, तेव्हा ते टर्बोला तयार असणारच, असं धरून चालणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. साध्या, म्हणजे बिनटर्बोच्या, इंजिनाची मापं आणि बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा वाढीव दाब) झेलणाऱ्या इंजिनाची मापं वेगळी. त्यातली बरीचशी इंजिन बांधून झाल्यावर बदलता येत नाहीत. रिंगची फट, पिस्टनचा माथा, चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या डब्यातलं) टर्बोच्या परतीच्या तेलाचं तोंड, हेडचे स्टड या गोष्टी ब्लॉक टेबलावर उघडा असतानाच ठरवायच्या असतात. होतं उलटंच. आधी इंजिन बांधलं जातं, मग टर्बो किट येतं, मग ‘आता कशाला उघडायचं’ म्हणून पुढे रेटलं जातं. साध्या मापांनी बांधलेलं इंजिन तुमच्याकडे आलं असेल तर ते पुन्हा उघडा. गॅस्केटचा एक संच वाया गेलेला परवडतो.

इथली सगळी उदाहरणं चार सिलिंडरच्या, १६०० सीसीच्या, इनटेक पोर्टमध्ये इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनाची आहेत. बोअर ८१ मिमी, स्ट्रोक ७७.६ मिमी, बूस्ट ०.५ ते ०.७ बार. आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या. पिस्टन, बेअरिंग किंवा टर्बो बनवणाऱ्याने वेगळं माप दिलं असेल तर तेच खरं.

## टप्पा १: खरेदीआधीचं गणित

पहिला प्रश्न कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं याचा. वरच्या इंजिनात एका सिलिंडरचं घनफळ ४०० सीसी आहे. पिस्टन सर्वात वर असताना ४० सीसी जागा उरत असेल तर कॉम्प्रेशन होतं ४४० भागिले ४०, म्हणजे ११. पंपावरच्या पेट्रोलवर ०.७ बार बूस्ट द्यायचं असेल तर ९ च्या आसपास यायला हवं, आणि त्यासाठी उरलेली जागा ५० सीसी करावी लागते. म्हणजे दर सिलिंडरला १० सीसी वाढवायचे.

इथे हमखास एक आडवाट धरली जाते: जाड हेड गॅस्केट. १ मिमी जास्त जाडीतून या बोअरला जेमतेम ५ सीसी मिळतात, त्यामुळे अर्धंच काम होतं. शिवाय पिस्टनचा सपाट कडेचा भाग आणि हेड यांच्यातलं अंतर वाढतं. हे अंतर १ मिमीच्या जवळ असेल तर पिस्टन वर येताना कडेचं मिश्रण मधे ढकललं जातं, घुसळलं जातं आणि झपाट्याने जळतं. तेच २ मिमी झालं की कडेला मिश्रण निवांत पडून राहतं आणि नॉकिंगला (मिश्रण आपोआप, धक्क्याने पेटण्याला) निमंत्रण मिळतं. कॉम्प्रेशन कमी करूनही इंजिन नॉक करतंय, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. खोलगट माथ्याचे फोर्ज्ड (घडीव) पिस्टन घ्या आणि गॅस्केट मूळ जाडीचंच ठेवा.

हेडमधल्या प्रत्येक ज्वलनकक्षाचं घनफळ ब्युरेटने द्रव भरून मोजा. कॅटलॉगातला आकडा घासलेल्या हेडला लागू होत नाही.

याच टप्प्यावर टर्बोची जागा ठरवून घ्या. रिकाम्या इंजिन बेमध्ये मोकळा ब्लॉक, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो तात्पुरते बसवून पाहा. स्टीअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, रेडिएटरचा पंखा, बॉनेट सगळं बघा. परतीच्या तेलाची नळी चेंबरपर्यंत सरळ उतरते का, हे आत्ताच दिसतं. नंतर दिसलं तर उपयोग नाही.

## टप्पा २: चेंबरला तोंड आणि ब्लॉकची धुलाई

टर्बोचं परतीचं तेल चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर पडलं पाहिजे. त्यासाठी चेंबरला भोक पाडून नळीचं तोंड वेल्ड करायचं असतं. चेंबर इंजिनाला लावलेला असताना, ड्रिलला ग्रीस फासून हे भोक पाडणारे पुष्कळ आहेत. ग्रीस सगळा कीस धरत नाही. उरलेला कीस तेलाच्या पंपात जातो. चेंबर काढूनच वेल्ड करा, नंतर आत पाणी भरून पाझर तपासा.

ब्लॉक लेथ शॉपमधून ‘धुऊन’ आला असला तरी पुन्हा धुवा. तेलाच्या मुख्य वाहिन्यांच्या टोकांची बुचं काढा. ती न काढता केलेली धुलाई वरवरची असते, कारण होनिंगची (सिलिंडरची भिंत दगडाने बारीक घासण्याची) भुकटी नेमकी त्या बुचांच्या मागे जाऊन बसते. लांब ब्रश, गरम पाणी, साबण, मग स्वच्छ पाणी, मग दाबाची हवा. सिलिंडर लगेच कोरडे करून तेल लावा, नाहीतर काही मिनिटांत गंज चढतो.

तपासणी: तेलात भिजवलेला पांढरा कपडा सिलिंडरमधून फिरवा. करडा डाग आला की पुन्हा धुवा. कपडा पांढराच बाहेर येईपर्यंत पुढचं काम नाही.

हेडच्या बोल्टची भोकंही साफ करा, पण नवे आटे पाडणाऱ्या टॅपने नाही. तो धातू खरवडतो आणि आटे ढिले होतात. आटे नुसते साफ करणारा टॅप वेगळा मिळतो. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून स्टड आवळला, तर अडकलेल्या द्रवाच्या दाबाने ब्लॉकला चीर जाऊ शकते. हवा मारून प्रत्येक भोक कोरडं झाल्याची खात्री करा.

## टप्पा ३: मोजमाप आणि रिंगची फट

सिलिंडर डायल बोअर गेजने तीन खोलींवर आणि दोन दिशांना मोजा. पिस्टन मोजायचा तो बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर, पिनच्या काटकोनात. फोर्ज्ड पिस्टन मूळ पिस्टनपेक्षा जास्त फुगतात, त्यातही २६१८ मिश्रधातूचे ४०३२ पेक्षा जास्त, म्हणून त्यांना भिंतीपासून जास्त अंतर लागतं. थंड इंजिनात पिस्टनचा थोडा टकटक आवाज येणं त्यांच्याबाबतीत स्वाभाविक आहे. त्या आवाजाला घाबरून अंतर कमी ठेवलं की पिस्टन गरम झाल्यावर ओरखडे पाडतो. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट (हेडसारखाच ताण देणारी जाड प्लेट) लावायला सांगा, कारण हेड आवळल्यावर सिलिंडरचा आकार किंचित बदलतो आणि होनिंग त्या बदललेल्या आकारात झालं पाहिजे.

आता रिंगची फट. या लेखातलं एकच काम जपून करायचं ठरवलंत तर ते हे असू द्या.

८१ मिमी बोअरच्या रिंगचा घेर साधारण २५४ मिमी. बिडाची रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली, तर घेर सुमारे ०.३ मिमी वाढतो. बूस्टवर वरची रिंग साध्या इंजिनातल्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. फट संपली की रिंगची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंगला वाढायला जागा उरत नाही. ती भिंतीत रुतते आणि पिस्टनच्या माथ्याजवळचा पट्टा तोडून वर येते. उघडल्यावर लोक म्हणतात, ट्यूनिंग खराब होतं. टोकं चमकदार दिसत असतील तर दोष ट्यूनिंगचा नाही, फटीचा आहे.

साध्या इंजिनाला बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००४ मिमी फट चालते, म्हणजे इथे ०.३२ मिमी. मध्यम बूस्टला ०.००५५ धरा, म्हणजे ०.४५ मिमी. दुसऱ्या रिंगची फट वरच्या रिंगपेक्षा थोडी जास्त, ०.५० मिमीच्या आसपास. तसं केल्याने दोन रिंगांच्या मधे दाब साठत नाही आणि वरची रिंग खोबणीत नीट बसून राहते. फट जास्त झाली तर थोडा ब्लोबाय (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) वाढतो. कमी झाली तर पिस्टन जातो. अडचणीत असाल तर जास्तीच्या बाजूला झुका.

काम करण्याची पद्धत:

1. रिंग ज्या सिलिंडरची, त्यातच घाला. उलट्या पिस्टनने ती सुमारे २५ मिमी खाली सरळ ढकला. रिंग तिरकी बसली तर माप खोटं येतं.
2. फीलर गेजने फट मोजा आणि लिहून ठेवा.
3. एकाच टोकाला घासा, तेही बाहेरच्या कडेकडून आतल्या दिशेने. उलट घासलं तर बाहेरच्या कडेचा लेप उडतो.
4. थोडं घासा, पुन्हा मोजा. एकदा वाढलेली फट परत येत नाही.
5. टोकाची खरखर बारीक दगडाने काढा, रिंग पुसा, सिलिंडरचा नंबर टाकून ठेवा.

## टप्पा ४: क्रॅंक, बेअरिंग आणि रॉड

बेअरिंगमधलं अंतर साधारण जर्नलच्या (क्रॅंकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाइतकं. ४८ मिमीच्या जर्नलला ०.०५ मिमीच्या जवळपास. मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजा, प्लास्टिगेज (चेपून अंतर दाखवणारी मऊ पट्टी) फक्त पडताळणीला वापरा. प्लास्टिगेज घालून क्रॅंक फिरवला की पट्टी फरफटते आणि तो आकडा बिनकामाचा ठरतो. बेअरिंगच्या पाठीला तेल लावू नका. तेल लागतं ते फक्त जर्नलच्या बाजूला.

पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच जातो. त्यामुळे बोल्टला कुठलं वंगण लावलं, यावर खरा ताण ठरतो. इंजिन ऑइलसाठी दिलेला टॉर्क मोलीच्या पेस्टवर लावलात तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जाईल. रॉड बोल्टसाठी स्ट्रेच गेज (बोल्ट किती ताणला हे मोजणारं) मिळालं तर टॉर्कपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा. अंशांत फिरवून आवळायचे मूळ बोल्ट एकदा वापरले की संपले.

पिस्टनखाली तेलाचे फवारे असतील तर नव्या रॉडला ते कुठे घासत नाहीत ना, हे क्रॅंक हाताने फिरवून पाहा. तेलाचा पंप बसवण्याआधी त्याच्या गिअरमध्ये असेंब्ली लुब भरा. कोरडा पंप पहिल्या सेल्फला तेल ओढत नाही.

तपासणी: प्रत्येक पिस्टन बसवल्यावर क्रॅंक एकदा पूर्ण फिरवा. जोर एकदम वाढला तर जो पिस्टन नुकताच बसवला तोच संशयित. चारही बसवून मग शोधत बसू नका.

## टप्पा ५: हेड

हेडचा आणि ब्लॉकचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेजने कर्णातही तपासा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. अनेक पातळ पोलादी थरांचं गॅस्केट वापरणार असाल तर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. जुन्या पद्धतीच्या खरखरीत घासणीवर ते गळतं, मग त्यावर सीलंट फासून भागत नाही.

हेड स्टड ब्लॉकमध्ये फक्त हाताने बसवा. पाना लावून आवळू नका. वरचा नट मात्र बनवणाऱ्याने दिलेल्या वंगणासह, दिलेल्या क्रमाने, तीन हप्त्यांत.

व्हॉल्व्ह स्प्रिंगकडे कुणी फारसं पाहत नाही. ३२ मिमी व्यासाच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ०.७ बार बूस्ट म्हणजे साडेपाच किलोपेक्षा जास्त जोर, आणि तो व्हॉल्व्ह उघडायच्या दिशेने. जुन्या, बसक्या स्प्रिंग तशाच घातल्या तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, गाडी मिस मारते आणि दोष कॉइलवर जातो.

टायमिंग लावल्यावर क्रॅंक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, खुणा परत जुळतात का पाहा. पिस्टन किंवा कॅम बदलला असेल तर पिस्टनवर मऊ माती ठेवून व्हॉल्व्हचं अंतर मोजायचंच: इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी.

## टप्पा ६: टर्बोचं तेल आणि पाणी

टर्बो बसवण्याआधी शाफ्ट बोटांनी हलवून बघा. कोरड्या जर्नल बेअरिंगच्या टर्बोत आडवा थोडा खेळ असतो, तो असू द्या. लांबीच्या दिशेने हात लागण्याइतका खेळ किंवा पंखा घराला घासणं मात्र चालत नाही. कव्हरं फिरवून जागेवर आणायची असतील तर आधी खुणा करा. टर्बो अ‍ॅक्च्युएटरच्या दांड्याला, म्हणजे बूस्ट आवरणारी झडप हलवणाऱ्या दांड्याला, धरून उचलू नका.

तेलाची आत जाणारी नळी: ब्लॉकच्या मुख्य वाहिनीतून, फिल्टरनंतर घ्या. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेलाचा प्रवाह आवरायला बहुधा १ मिमीच्या आसपास भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो. जर्नल बेअरिंगच्या टर्बोला तो सहसा लागत नाही, आणि कुणाचं तरी पाहून तिथे लावला तर बेअरिंग उपाशी राहतात. या फ्लॅंजवर सिलिकॉन सीलंट बिलकूल नको. त्याचा आत सुटलेला एक तुकडा टर्बोचं तेल बंद करायला पुरतो.

परतीची नळी: टर्बोतून बाहेर पडणारं तेल फेसाळलेलं असतं आणि त्यामागे दाब नसतो. ते फक्त उतारावर वाहतं. आतला व्यास किमान १३ मिमी, शक्यतो १६. मधे खोलगट वळण नाही, चढ नाही, चिमटलेला कोपरा नाही. टर्बोचं तेलाचं तोंड शक्य तितकं सरळ खाली असू द्या.

इशारा: नवा टर्बो धूर सोडतो म्हणून तो परत पाठवण्याआधी परतीची नळी आणि क्रॅंककेसचा (इंजिनाच्या खालच्या, क्रॅंकच्या कप्प्याचा) दाब तपासा. टर्बोचे सील रबराचे नसतात, ते पिस्टन रिंगसारखे असतात आणि तेल साचलं की अडवू शकत नाहीत. दोष बहुतेक वेळा टर्बोत नसतो.

पाण्याच्या नळ्या अशा न्या की एक टोक टर्बोपासून सतत वर चढत जाईल. इंजिन बंद केल्यावर तापलेलं पाणी आपोआप वर सरकतं आणि थंड पाणी खालून येतं. नळीत मधेच कमान झाली की तिथे वाफ अडकते.

## टप्पा ७: हवेचा मार्ग आणि क्रॅंककेसचा श्वास

३० अंशांची हवा ०.७ बारपर्यंत दाबली की साधारण कॉम्प्रेसरमधून ती १०० अंशांच्या आसपास बाहेर पडते. ही हवा थंड करणारा इंटरकूलर त्यासाठीच. जुना वापरणार असाल आणि आधीच्या गाडीचा टर्बो फुटला होता की नाही हे माहीत नसेल, तर तो घेऊ नका. पंख्याचे कण त्याच्या पट्ट्यांत अडकलेले असतात आणि धुऊन पूर्ण निघत नाहीत.

मूळ पीसीव्ही नळी (क्रॅंककेसमधला वायू ओढून घेणारी) इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. साध्या इंजिनात तिथे बहुतेक वेळ व्हॅक्यूम असतो. टर्बोनंतर तिथे बूस्ट येतं, आणि ते त्या नळीतून सरळ क्रॅंककेसमध्ये घुसतं. मग डिपस्टिक वर उचलली जाते, मागचा ऑइल सील गळतो, टर्बोचं तेल परत उतरत नाही. त्या नळीत चांगला एकमार्गी व्हॉल्व्ह लावा, आणि टप्पेट कव्हरची दुसरी नळी कॅच कॅनमधून (तेलाची वाफ अडवणाऱ्या डब्यातून) टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडा. ब्रेक बूस्टर आणि पेट्रोल टाकीच्या वाफेची नळीही याच नजरेने बघा: बूस्ट उलट जाऊ शकेल अशी प्रत्येक नळी एकमार्गी हवी.

वेस्टगेट म्हणजे बूस्ट हद्दीत ठेवायला एक्झॉस्टचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. तिची नळी कॉम्प्रेसरच्या तोंडावरून थेट अ‍ॅक्च्युएटरला. सुरुवातीला बूस्ट कंट्रोलर जोडू नका, नुसत्या स्प्रिंगवर चालवा.

इशारा: बूस्ट नको म्हणून वेस्टगेटची नळी काढून ठेवणारे असतात. त्याने वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट वाट्टेल तितकं चढतं.

तपासणी: टर्बोच्या तोंडाला बूच लावा, रेग्युलेटरमधून हळूहळू ०.७ बार हवा द्या, सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. क्रॅंककेसकडे हवा जात असेल तर तेलाचं झाकण काढून बघा. उघड्या व्हॉल्व्हमधून, रिंगांवरून थोडी हवा येणं ठीक, पण भसाभस आली तर तुमचा एकमार्गी व्हॉल्व्ह उलटा बसलाय.

## टप्पा ८: इंधन, ठिणगी, सेन्सर

२०० अश्वशक्तीचं लक्ष्य असेल तर बूस्टवरच्या इंजिनाला तासाला साधारण ५४ किलो पेट्रोल लागतं. चार इंजेक्टर आणि ८० टक्के उघडझाप (इंजेक्टर ८० टक्के वेळ उघडे) धरली तर प्रत्येकी मिनिटाला ३८० सीसी होतात, म्हणून ४०० च्या आसपासचे घ्या. पंप निवडताना लोक त्याचा मोकळा प्रवाह बघतात. तुमच्या पंपाला मात्र मूळ ३ बार अधिक ०.७ बार बूस्ट, अशा ३.७ बारविरुद्ध इंधन ढकलायचं आहे. त्या दाबावरचा आकडा बघा. प्रेशर रेग्युलेटरची नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली हवी.

प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे, घ्या. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये नेमकं उलटं. इथे गोंधळ होऊन थंडऐवजी गरम प्लग लागलेली इंजिनं असतात. फट ०.७ मिमीच्या आसपास. १.१ मिमीवर दाबाखाली ठिणगी विझते.

मूळ मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, म्हणून २.५ किंवा ३ बारचा लावा. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरनंतर. वाइडबँडशिवाय (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरशिवाय) हे काम सुरू करू नका. बूस्टवर लॅम्बडा (ते प्रमाण; १ म्हणजे नेमकं, कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.७८ ते ०.८२ हे सुरुवातीचं लक्ष्य. ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) नवे इंजेक्टर आणि नवा सेन्सर यांचा सुरुवातीचा मॅप (इंधन आणि इग्निशनचा तक्ता) पहिल्या सेल्फच्या आधीच भरलेला असला पाहिजे. ‘आधी सुरू करू, मग ट्यूनरकडे नेऊ’ म्हणाल तर जास्तीचं पेट्रोल नव्या सिलिंडरवरचं तेल धुऊन काढेल आणि रिंग बसण्याआधीच बाद होतील.

## टप्पा ९: गाडीत बसवणं

जे बाहेर जमतं ते बाहेरच करा: मॅनिफोल्ड, टर्बो, तेलाच्या नळ्या, क्रॅंक सेन्सर, वायरिंग. मूळ क्लच वाढलेला टॉर्क पेलेल का, हे आत्ता ठरवा.

बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या इंजिनाला भिडणाऱ्या भागाच्या) डॉवेल पिना, म्हणजे दोघांना नेमक्या जागी आणणाऱ्या पिना, दोन्ही असल्याचं बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स हाताने ढकलून पूर्ण भिडले पाहिजेत. फट राहिली म्हणून बोल्ट आवळून जवळ ओढलं की क्लचची चकती वाकते किंवा बेल हाउसिंगचा कान तुटतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत बसलेला नसेल तर गिअरबॉक्सचा पंप पहिल्याच सेल्फला फुटतो.

एक्झॉस्टच्या पाइपाचं वजन टर्बोवर लटकू देऊ नका. लवचीक सांधा आणि वेगळा आधार द्या. ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, क्लचची नळी यांच्यापुढे उष्णतारोधक पत्रा लावा.

आणि इंजिनाची अर्थिंगची जाड पट्टी. ती विसरली तर स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने जातो, कधी केबलमधून, कधी सेन्सरच्या बारीक वायरीतून.

## टप्पा १०: पहिला सेल्फ

1. साधं खनिज तेल भरा. पूर्ण सिंथेटिक सुरुवातीला नको. फिल्टर भरून लावा.
2. टर्बोच्या तेलाच्या तोंडात तेल ओता आणि पंखा बोटाने फिरवा.
3. प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा.
4. टर्बोकडची नळी सोडवून बाटलीत ठेवा आणि १०-१० सेकंद सेल्फ मारा. मधे स्टार्टरला विश्रांती. बाटलीत तेल येईपर्यंत आणि गेजवर दाब दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. मग नळी जोडून पुन्हा काही वेळ सेल्फ.
5. कूलंट भरा, हवा काढा.
6. सगळं जोडा, नुसता पेट्रोल पंप चालू करून गळती पाहा, टायमिंग लाइटने ईसीयूतला आणि क्रॅंकवरचा अंश जुळवा.

सुरू झाल्यावर पहिली नजर तेलाच्या दाबावर. काही सेकंदांत दाब आला नाही तर बंद करा. आवाज ऐकत उभं राहू नका. सपाट टप्पेटचा कॅम असेल तर २००० आरपीएमच्या आसपास २० मिनिटं, जस्तयुक्त तेलावर. रोलर असतील तर याची गरज नाही. रिकामी रेस करणं किंवा तासभर आयडलवर सोडणं दोन्ही वाईट, कारण रिंगला बसायला मागून दाब लागतो आणि आयडलला तो नसतो.

पहिल्या अर्ध्या तासाच्या चालवण्यानंतर तेल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापा, घडी उलगडून उजेडात पाहा. बारीक करडी चमक पहिल्यांदा असतेच. चुंबकाला न चिकटणारे तांबूस किंवा रुपेरी पापुद्रे दिसले तर बेअरिंग बोलतंय, इंजिन उघडा.

## टप्पा ११: रिंग बसवणं आणि मग बूस्ट

पहिले ५०० किमी २००० ते ४००० आरपीएमच्या मधे, अर्ध्या थ्रॉटलवर जोर द्या, मग पाय काढून गिअरवर गाडी मंदावू द्या. असं पुन्हा पुन्हा. बूस्ट गेजचा काटा शून्याखाली राहील इतपतच थ्रॉटल. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने लांब पल्ला मारणं या काळात काहीच कामाचं नाही. गरम होऊन थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे आणि टर्बोचे नट तपासा, पहिल्या काही फेऱ्यांत ते ढिले होतातच.

५०० किमीला तेल बदला, चारही सिलिंडरचा कॉम्प्रेशनचा दाब गेजने मोजून आकडे लिहून ठेवा. चारांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर लीकडाउन चाचणी करून (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते हे पाहून) कारण शोधा, बूस्टचा विचार तोवर नको.

१००० किमीनंतर स्प्रिंगच्या बूस्टवर ट्यूनिंग. इग्निशन मागे ठेवून सुरुवात करा. दर ०.०७ बारला सुमारे एक अंश मागे, हा ढोबळ हिशोब पहिल्या दिवसासाठी पुरतो. प्रत्येक ओढीनंतर (पूर्ण थ्रॉटलवरच्या चाचणीच्या धावेनंतर) लॉग बघा: लॅम्बडा, नॉक, इंजेक्टरची उघडझाप, इनटेकचं तापमान, तेलाचा दाब. बूस्ट चढत असताना लॅम्बडा एकदाही ०.८५ च्या वर गेला तर पुढची ओढ घ्यायची नाही, आधी इंधनाचा दाब मोजायचा. लॉग स्वच्छ असेल तर एका वेळी ०.१ बारपेक्षा जास्त वाढवू नका. दिवसाअखेर प्लग काढून पोर्सेलिनवर भिंग धरा. काळे किंवा चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर नॉक सेन्सरने काहीही सांगितलेलं असो, इग्निशन आणखी मागे घ्या आणि कॉम्प्रेशन पुन्हा मोजून ५०० किमीच्या आकड्यांशी ताडून पाहा.